जीवशास्त्र घेतले, पुढे काय?

(द्वितीय वर्ष कला)

"मुलीने बायोलॉजी घेतलीय म्हणे. मग डॉक्टर होणार वाटतं?" आमच्या भागात हा प्रश्न कुणी टोचून विचारत नाही, कौतुकानेच विचारतात. पण उत्तर 'नाही' असे आले की विचारणारा क्षणभर गप्प होतो आणि मग म्हणतो, "मग बायोलॉजी घेतलीच कशाला?"

कला शाखेच्या विद्यार्थ्याने या प्रश्नात का पडावे, असे वाचकांस वाटेल. कारण साधे आहे. आपल्या वर्गातले कितीतरी जण घरातले पहिलेच कॉलेजात आलेले आहेत. अशा घरात शिक्षणाचा कोणताही कागद आला की तो आपल्याच हाती दिला जातो. तो कला शाखेचा की विज्ञानाचा, हे पाहत कुणी बसत नाही. "तू कॉलेजात जातोस ना, मग तूच सांग," एवढे म्हणून वडीलमंडळी मोकळी होतात. गेल्या वर्षी तसेच झाले. माझी धाकटी बहीण २०२५ साली बारावी झाली. नीटमध्ये गुण बरे पडले, पण शासकीय महाविद्यालयाला पुरतील असे नव्हते. ज्या क्लासला ती जात होती, त्या क्लासवाल्यांनी आबांना बोलावून सांगितले, "मुलगी काठावर आहे, अजून एक वर्ष द्या." त्या एका वर्षाची फी म्हणजे आमच्या उसाचे निम्मे बिल. आबांनी दोन दिवस काही ठरवले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो निर्णय माझ्यापुढे ठेवला आणि स्वतः बांधावर निघून गेले.

तेव्हापासून वर्षभर मी विचारपूस केली, नियम वाचले, तिच्या प्राध्यापकांना भेटलो. त्यातून जे कळले ते येथे मांडतो. माझ्यासारखे अनेक भाऊ या महाविद्यालयात असणार.

आधी नीटचा हिशेब. ७२० गुणांच्या या परीक्षेत निम्मे, म्हणजे ३६० गुण जीवशास्त्राचे. त्यामुळे जीवशास्त्र म्हणजेच वैद्यकी, अशी समजूत घरोघर घट्ट बसली आहे. २०२५ साली ही परीक्षा देशभरात सुमारे बावीस लाख मुलामुलींनी दिली आणि एम.बी.बी.एस.च्या जागा होत्या लाख-सव्वा लाख. त्यातल्याही निम्म्याच्या आसपास खाजगी महाविद्यालयांत, जिथली फी ऐकूनच आमच्यासारख्यांनी परत फिरावे. म्हणजे साधारण अठरा जणांत एकाला जागा, आणि परवडणारी जागा हवी असेल तर पस्तीस-छत्तीस जणांत एकाला. उरलेल्यांनी काय करायचे, हे क्लासच्या जाहिरातीत छापलेले नसते. पुन्हा एक वर्ष देणे कुणाला लाभतेही, ते मी नाकारत नाही. पण बहिणीला मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "मला पेशंट तपासायची आवड आहे की नाही ते ठाऊक नाही. मला पेशी बघायला आवडते." हे वाक्य मी आबांना जसेच्या तसे सांगितले. ते म्हणाले, "तीन वर्षं दिली. नंतर सांगा काय झालं." तिने बी.एस्सी.ला प्रवेश घेतला.

आता ही बी.एस्सी. म्हणजे काय ते सांगतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीची रचना बदलली. पदवी तीन वर्षांनी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स घेता येते. सगळा हिशेब क्रेडिटचा. तासिकेचे एक क्रेडिट म्हणजे सत्रात पंधरा तास, प्रात्यक्षिकाचे एक म्हणजे तीस तास. तीन वर्षांत किमान १२० आणि चार वर्षांत किमान १६० क्रेडिट जमवायचे. हे आपल्यालाही लागू आहे, त्यामुळे येथे अधिक बोलत नाही. मात्र विज्ञानवाल्यांसाठी चौथ्या वर्षाला वेगळाच अर्थ आहे. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील तर एम.एस्सी. न करता थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०२२चा नियम आहे. म्हणून पहिल्या वर्षाचे गुण 'नंतर भरून काढू' म्हणून सोडून देण्यासारखे राहिले नाहीत. शेवटच्या सरासरीत तेही येऊन बसतात.

पण या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट मला बहिणीच्या एका प्राध्यापकांनी सांगितली. ते म्हणाले, "जीवशास्त्राच्या मुलांचे नुकसान जीवशास्त्रात होत नाही, रसायनशास्त्रात आणि गणितात होते." पुष्कळ मुली दहावीनंतर गणित सोडून जीवशास्त्र घेतात. गणिताला घाबरून घेतलेला विषय म्हणून जीवशास्त्राकडे पाहिले जाते, आणि पुढच्या साऱ्या परीक्षा तर गणित विचारतात. आय.आय.टी.च्या एम.एस्सी.साठी 'जॅम' नावाची प्रवेशपरीक्षा असते. तिच्या जैवतंत्रज्ञानाच्या पेपरात बारावीच्या पातळीचे गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र येते. त्याहून पुढची सी.एस.आय.आर.-नेट ही परीक्षा. जीवविज्ञानाचा तिचा पेपर २०० गुणांचा. त्यातला पहिला भाग ३० गुणांचा आणि त्यात जीवशास्त्राचा एक शब्दही नाही. तर्क, आकडेमोड, आलेख वाचणे एवढेच.

रसायनाविषयी एक दाखला आपल्या जवळचाच आहे. 'ऋतुचक्र' लिहिणाऱ्या दुर्गाबाई भागवत आपल्याला मराठीच्या वर्गात भेटतात. त्यांच्या धाकट्या भगिनी कमला सोहोनी या जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. त्यांनी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. केली ती रसायन आणि भौतिक हे विषय घेऊन. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्या गेल्या तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अखेर अटी घालून का होईना, त्यांना प्रवेश द्यावा लागला. पुढे केंब्रिजला वनस्पतींच्या पेशींतील श्वसनाशी निगडित 'सायटोक्रोम सी' या द्रव्यावर काम करून १९३९ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली आणि मायदेशी परतून नीरेच्या पौष्टिकतेवर संशोधन केले. पेशीच्या आत काय चालते हे त्यांना उमगले ते रसायनाची वाट धरून. बहिणीला मी हे सांगितले तेव्हा तिने रसायनाच्या पुस्तकाकडे जरा कमी रागाने पाहिले.

गणिताच्या बाबतीत आमची दोघांची गाठ एका गमतीच्या ठिकाणी पडली. मला अर्थशास्त्राला सांख्यिकीचा थोडा भाग आहे. तिला आनुवंशशास्त्रात मेंडेल. मेंडेलने १८६६ साली आपले वाटाण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यात दुसऱ्या पिढीत ५४७४ दाणे गोल आले आणि १८५० सुरकुतलेले. एकूण ७३२४. तीनास एक हे प्रमाण खरे धरले तर यायला हवे होते ५४९३ आणि १८३१. फरक दोन्हीकडे एकोणीसचा. आता हा एकोणीसचा फरक योगायोगाने आलेला म्हणायचा की मेंडेलचे गृहीतकच चुकले म्हणायचे? फरकाचा वर्ग करून अपेक्षित संख्येने भागायचे आणि दोन्ही बेरजेत घ्यायचे. ३६१ भागिले ५४९३, अधिक ३६१ भागिले १८३१. उत्तर येते सुमारे ०.२६. कोष्टकातली मर्यादा ३.८४. उत्तर तिच्या खूपच आत आहे, म्हणजे आकडे गृहीतकाशी जुळतात. याला काय-वर्ग कसोटी म्हणतात. आमच्या पुस्तकात हीच कसोटी ग्राहकांच्या पसंतीवर लावलेली आहे. एका रात्री दिव्याखाली बसून आम्ही हे उदाहरण दोनदा सोडवले. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांख्यिकी नको असे ज्यांना वाटते, त्यांनी एवढे एकच उदाहरण हाताने करून पाहावे.

भाषेचे दुखणे आपणा सर्वांच्या ओळखीचे. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावीत एकदम सगळे इंग्रजी. वर्गात 'मायटोसिस' म्हटले की मुले तो शब्द पाठ करतात, त्याचा अर्थ मनात उतरत नाही. येथे कला शाखेचा विद्यार्थी खरोखर उपयोगी पडतो. आपल्या ग्रंथालयात मराठी विश्वकोशाचे खंड आहेत. धूळ झटकून काढावे लागतात, पण आहेत. मायटोसिसला मराठीत 'सूत्री विभाजन' म्हणतात. ग्रीक भाषेत 'मायटोस' म्हणजे धागा आणि आपले सूत्र म्हणजेही धागाच. पेशी दुभंगताना आत धाग्यांसारखे जे दिसते त्यावरून हे नाव पडले. क्रोमोसोमला रंगसूत्र म्हणतात, कारण रंग घातल्यावर ते सूक्ष्मदर्शकाखाली उठून दिसते. हे कळल्यावर शब्द पाठ करावा लागत नाही. परीक्षेत लिहायचे इंग्रजीतच, त्याला इलाज नाही. परंतु समजून घ्यायला मराठीची लाज कशाला?

प्रात्यक्षिकाची वही, जिला सर्व जण जर्नल म्हणतात, ती पुष्कळ मुले शेवटच्या आठवड्यात दुसऱ्याची पाहून उतरवतात. प्रमाणित जर्नल असल्याशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देत नाहीत, म्हणून ती पूर्ण करायची, एवढाच तिचा उपयोग मानला जातो. मला वाटते, इथेच खरा विद्यार्थी आणि नुसता परीक्षार्थी वेगळे होतात. बहिणीने पावसाळ्यात वनस्पतींचे नमुने करायला घेतले. जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्यांत झाड दाबायचे, कागद रोज बदलायचे, वाळले की साधारण बेचाळीस बाय एकोणतीस सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवायचे आणि उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर शास्त्रीय नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि फुलाचा रंग. रंग का, तर वाळल्यावर तो उडतो. कागदावर लिहिला नाही तर कायमचा गेला. ठिकाण आणि तारीख नसलेला नमुना कितीही सुबक असला तरी शास्त्राच्या दृष्टीने निव्वळ पालापाचोळा.

या कामात तिची खरी गुरू निघाली आमची आजी. टाकळा, कुर्डू, करटोली, भारंगी ही सगळी मंडळी तिच्या रोजच्या ओळखीची. कोणती भाजी कोणत्या नक्षत्रात कोवळी असते हे तिला पुस्तकाशिवाय ठाऊक. टाकळ्याचे शास्त्रीय नाव 'सेन्ना टोरा' असे बहिणीने वाचून दाखवले तेव्हा आजी म्हणाली, "नाव बदललं म्हणून चव बदलती होय?" बहिणीने मात्र 'स्थानिक नाव' असा आणखी एक रकाना चिठ्ठीवर वाढवला आणि तो आजीला विचारून भरते.

हे काम लहान वाटेल, पण आपल्या भागातले शास्त्रज्ञ याच वाटेने गेले आहेत. मालवणात जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना सह्याद्रीतल्या नद्यांत गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. तोपर्यंत तशा प्रकारचा जीव आफ्रिकेतच असतो असा समज होता. १९४६ साली त्यांच्या पुढाकाराने पुण्यात जी संशोधन संस्था उभी राहिली ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव यांनी कंदीलपुष्पांच्या दुर्मिळ जातींवर आयुष्य वेचले. ही फुले सह्याद्रीच्या सड्यांवर आणि कड्यांवर उगवतात. कासचे पठार पाहायला मोटारी भरून लोक जातात; ते पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. तिथल्या फुलांसोबत फोटो काढणारे हजारो आणि ओळखणारे किती, हा प्रश्न मला तिथे गेल्यापासून छळतो.

आता आबांच्या प्रश्नाकडे येतो. पोट कशावर भरायचे? येथे गोड बोलण्यात अर्थ नाही. नुसत्या बी.एस्सी.वर मिळणारी नोकरी बहुधा लहान असते. औषधाच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या विभागात सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलांना घेतात. रक्त-लघवी तपासणीच्या प्रयोगशाळेत जायचे तर डी.एम.एल.टी.सारखा वेगळा अभ्यासक्रम करावा लागतो. शाळेत शिकवायचे तर बी.एड. आणि त्यावर शिक्षकभरतीच्या परीक्षा. जळगावकडे केळीची रोपे ऊतिसंवर्धनाने, म्हणजे काचेच्या बाटलीत पेशींपासून वाढवून, मोठ्या प्रमाणावर तयार होतात. जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली आणि ते गाव बियाण्यांसाठी प्रसिद्ध झाले. अशा ठिकाणी वनस्पतिशास्त्राला वाव आहे.

एक गैरसमज मात्र मुद्दाम सांगतो, कारण आमच्या गावात तो फार आहे. वनस्पतिशास्त्राची बी.एस्सी. आणि कृषीची बी.एस्सी. या दोन वेगळ्या पदव्या आहेत. वनस्पतिशास्त्र शिकून कृषी अधिकारी होता येईल, या भरवशावर कुणी राहू नये. त्या पदांना कृषीचीच पदवी लागते. उलट भारतीय वनसेवेच्या परीक्षेला वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र हा विषय पदवीला असला तरी चालतो. ही परीक्षा आपल्याला मात्र देता येत नाही. इतिहास-मराठीच्या पदवीधराला तिथे दार बंद आहे. कलेक्टरची परीक्षा आपण देऊ शकतो, जंगलाची नाही! 'बायोलॉजी कशाला घेतली' म्हणणाऱ्यांना मी आता हे ऐकवतो.

संशोधनाची वाट लांब आहे, पण तिच्यावर भाकरी मिळत नाही असे नाही. नेटमधून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७ हजार रुपये आहे. ही संख्या ऐकून आबांनी मला ती पुन्हा सांगायला लावली. शिकायचे आणि वर सरकारने पैसे द्यायचे, हे त्यांना पटेना. अर्थात ती मिळते फार थोड्यांना, हेही मी त्यांना सांगितले.

सर्वांत जास्त घात होतो तो तारखांचा. पदवीचे तिसरे वर्ष म्हणजे निकालाची वाट पाहायचे वर्ष, असे आपण समजतो. प्रत्यक्षात जॅमची परीक्षा फेब्रुवारीत असते आणि तिचे अर्ज सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची प्रवेशपरीक्षा डिसेंबरात. केंद्रीय विद्यापीठांची सी.यू.ई.टी. मार्चच्या आसपास. म्हणजे विद्यापीठाची शेवटची परीक्षा व्हायच्या आत ही सगळी दारे उघडून मिटूनही गेलेली असतात. जून महिन्यात गुणपत्रिका हातात घेऊन 'आता पुढे काय' असे विचारणाऱ्याला आपल्या विद्यापीठाच्या एम.एस्सी.शिवाय फारसे काही उरत नाही. ती वाईट नव्हे. पण निवडून घेणे वेगळे आणि उरली म्हणून घेणे वेगळे. जॅमला मुलींना शुल्क निम्मे आहे, हेही अर्ज उघडून पाहिल्यावरच कळते.

दाखल्यांचे तसेच. इतर मागासवर्गाचा राज्याचा दाखला आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला निराळे असतात, आणि केंद्राच्या परीक्षांना दुसराच लागतो. उत्पन्नाचा, नॉन-क्रीमिलेअरचा कागद ठराविक मुदतीचाच चालतो. सेतू केंद्रात चार खेपा होतात, त्या ऐन परीक्षेच्या आठवड्यात करण्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीत केलेल्या बऱ्या. ज्यांच्या घरी आधी कुणी शिकलेले असते त्यांना या गोष्टी जेवताना कानावर पडतात. आपल्याला त्या रांगेत उभे राहून कळतात.

बहिणीचे पहिले वर्ष आता संपत आले आहे. तीन की चार वर्षे, हे अजून ठरलेले नाही. दुसऱ्या वर्षाचे गुण पाहून ठरवू, असे ती म्हणते. नमुन्यांचे एकवीस कागद झाले आहेत आणि ते ठेवायला आईने लग्नातली पत्र्याची ट्रंक रिकामी करून दिली आहे. मे महिन्यात तिला कोल्हापूरला विद्यापीठाचे वनस्पती-उद्यान पाहायला घेऊन जायचे आहे. तोवर शेजारच्या मुलाकडून अकरावीचे गणिताचे पुस्तक मागून आणले आहे. तिसऱ्या प्रकरणापर्यंत पेन्सिलीच्या खुणा झाल्या आहेत.